एका नृत्यगीताचे पाठभेद : ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ व त्याची पुनर्गायने

१. विषयप्रवेश

प्राचीन ग्रंथाची पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकापुढे पोथ्या अनेक असतात. मूळ प्रत मात्र हरवलेली असते. उपलब्ध पाठभेदांची तुलना करून त्या हरवलेल्या मुळाच्या शक्य तितके जवळ जाण्याचा तो प्रयत्न करतो. ध्वनिमुद्रित लोकप्रिय गीताच्या अभ्यासकाची स्थिती याच्या उलट असते. मूळ ध्वनिमुद्रण कोठे झाले, कोणी केले, केव्हा ते बाजारात आले, हे त्याला ठाऊक असते. ते हवे तितक्या वेळा ऐकण्याचीही त्याला सोय असते. तथापि त्या गीताची जी पुढील गायने होतात त्यांचे मुळाशी नाते कोणते, आणि शब्द व चाल तीच राहूनही गीताचा अर्थ बदलतो तो कशामुळे, हा प्रश्न मूळ हाती असल्याने सुटत नाही. उलट तो अधिकच स्पष्टपणे समोर उभा राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका गीताच्या आधारे करावयाचा आहे. ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९६४ साली ध्वनिमुद्रित झालेले नृत्यगीत. त्याची निवड करण्यास तीन कारणे आहेत. एक, पुढील दोन दशकांत परस्परांहून अगदी भिन्न अशा गायकांनी व वृंदांनी ते पुन्हा गाइले. दोन, या गीताचा अर्थ काय याविषयी उघड वाद झाला व तो अद्याप पुरता मिटलेला नाही. तीन, या गीताच्या इतिहासात पुनर्गायनाचा कायदा, व्यापार आणि वर्णभेद हे तिन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यामुळे केवळ रसिकांच्या आवडीनिवडीपुरता हा विषय राहत नाही; गीत कोणाचे, या प्रश्नापर्यंत तो जाऊन पोचतो.

२. ‘कव्हर’ ही संज्ञा

एका गायकाने ध्वनिमुद्रित केलेले गीत दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रित केले म्हणजे त्यास इंग्रजीत ‘कव्हर’ म्हणतात. मराठीत या शब्दास रूढ प्रतिशब्द नाही. या लेखात ‘पुनर्गायन’ हा शब्द सोयीसाठी योजिला आहे. व्यापारी अर्थ अभिप्रेत असेल तेथे ‘कव्हर’ हाच शब्द ठेवला आहे.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या अनेक गायक गातात. पण त्यांपैकी एकाच्या गायनास दुसऱ्याच्या गायनाचे ‘कव्हर’ असे कोणी म्हणत नाही. याचे कारण असे की बंदिशीचे मूळ म्हणून कोणतेही एक गायन आपण मानीत नाही. प्रत्येक गायन हे बंदिशीचे गायन असते, पूर्वीच्या गायनाचे गायन नसते. ‘कव्हर’ ही कल्पना संभवते ती मूळ म्हणून एक विशिष्ट ध्वनिमुद्रण लोकांच्या कानात बसलेले असते तेव्हाच. ती ध्वनिमुद्रणयुगाचीच निर्मिती होय.

आरंभी या शब्दाचा अर्थ निव्वळ व्यापारी होता. एखादी ध्वनिमुद्रिका खपू लागली की प्रतिस्पर्धी कंपनी तेच गीत आपल्या गायकाकडून तातडीने गाववून घेई व मूळ तबकडीच्या खपात वाटा मिळवी. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत या प्रथेस वर्णभेदाचे स्पष्ट रूप आले. कृष्णवर्णीय गायकांच्या ध्वनिमुद्रिका बहुतेक नभोवाणी केंद्रांवर लागत नसत. त्याच गीतांची श्वेतवर्णीय गायकांनी केलेली पुनर्गायने मात्र देशभर ऐकविली जात. फॅट्स डॉमिनो यांचे ‘एन्ट दॅट अ शेम’ हे गीत १९५५ साली पॅट बून यांनी गाइले व बून यांची तबकडी लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी गेली. लाव्हर्न बेकर यांच्या ‘ट्वीडली डी’ या गीताची जॉर्जिया गिब्ज यांनी जवळजवळ हुबेहूब नक्कल केली, तेव्हा बेकर यांनी त्याच वर्षी डेट्रॉइटचे काँग्रेस-सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायद्यात दुरुस्ती व्हावी अशी मागणी केली. त्यांची तक्रार गीत गाण्याबद्दल नव्हती. वाद्यमेळाची मांडणी आणि गायनाची ढब जशीच्या तशी उचलली गेली, ही ती तक्रार होती.

३. कायद्याची चौकट

बेकर यांच्या मागणीचा उपयोग झाला नाही. याचे कारण समजण्यासाठी कायद्याने गीताची जी फोड केली आहे ती पाहिली पाहिजे. अभ्यासाच्या सोयीसाठी गीताचे तीन थर कल्पिता येतात : पहिला, शब्द व चाल, म्हणजे लेखनात उतरविता येणारी रचना, दुसरा, त्या रचनेची मांडणी, म्हणजे लय, वाद्यमेळ, आघात आणि गायनाची ढब, तिसरा, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण.

अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्व कायद्याने पहिल्या थरास संरक्षण दिले, पण त्यास एक मोठा अपवादही जोडला. एखादे गीत रचनाकाराच्या संमतीने एकदा यांत्रिक रीतीने मुद्रित झाले की पुढे कोणासही ते मुद्रित करण्याची मोकळीक मिळे. प्रत्येक प्रतीमागे २ सेंट रचनाकारास दिले म्हणजे झाले. हा दर १९७७ अखेर कायम होता; १९७६ च्या नव्या कायद्यान्वये १९७८ पासून तो पावणेतीन सेंट झाला. नव्या कायद्याने पुनर्गायकास आपल्या शैलीला अनुरूप मांडणी करण्याची मुभा दिली. मात्र मूळ चाल व कृतीचे मूलभूत स्वरूप बदलता येणार नाही असे बंधन घातले.

दुसरा थर जवळजवळ उघडाच राहिला. १९५० साली ‘सुप्रीम रेकॉर्ड्‌स’ विरुद्ध ‘डेका’ या खटल्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने वाद्यमेळाच्या मांडणीत स्वतंत्र मालकीहक्क मानण्यास नकार दिला. तिसऱ्या थरास, म्हणजे ध्वनिमुद्रणास, संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढे झालेल्या ध्वनिमुद्रणांना. आणि तेही प्रत्यक्ष ध्वनी उचलण्याविरुद्ध, अनुकरणाविरुद्ध नव्हे.

याचा व्यावहारिक परिणाम असा. पुनर्गायन झाले की पैसा जातो रचनाकारांकडे व प्रकाशकाकडे. ज्या आवाजाने ते गीत लोकांच्या मनात रुजविले त्या गायकास, तो स्वतः रचनाकार नसेल तर, पुनर्गायनापासून काहीही मिळत नाही. ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ची रचना मार्व्हिन गे, विल्यम स्टीव्हन्सन व आयव्ही जो हंटर या तिघांच्या नावे आहे. मार्था रीव्हज, ज्यांच्या आवाजावाचून हे गीत डोळ्यांपुढे येत नाही, त्यांचे नाव त्यात नाही. पुढील वीस वर्षांची पुनर्गायने ऐकताना ही गोष्ट विसरता कामा नये.

४. मूळ ध्वनिमुद्रण

बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली कुटुंबाच्या निधीतून ८०० डॉलर कर्ज घेऊन डेट्रॉइटमध्ये ‘मोटाउन’ ही ध्वनिमुद्रण-संस्था काढली. शहर मोटारींच्या कारखान्यांचे. गॉर्डी स्वतः अशाच एका कारखान्यात जुळणीच्या रांगेत काम केलेले. कारखान्यातील कामाच्या विभागणीची रीत त्यांनी संगीतात आणली असे म्हटले जाते व ते बरेच खरे आहे. रचनाकार वेगळे, वादक वेगळे, गायक वेगळे, आणि तयार माल बाजारात सोडण्यापूर्वी त्याची पारख करणारी बैठक वेगळी. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका साध्या घराच्या तळभागात त्यांचा स्टुडिओ होता. मार्था रीव्हज या संस्थेत आल्या त्या प्रथम स्टीव्हन्सन यांच्या कचेरीत चिटणीस म्हणून. १९६३ साली ‘हीट वेव्ह’ या गीताने त्या व त्यांचा ‘व्हॅन्डेलाज’ हा वृंद प्रसिद्धीस आला होता.

‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ची कल्पना सुचली ती, रचनाकारांच्या सांगण्याप्रमाणे, डेट्रॉइटच्या उन्हाळ्यातील एका नेहमीच्या दृश्यावरून. उकाड्याने हैराण झालेले लोक रस्त्यावरचे आग विझविण्याचे नळ उघडीत आणि त्या पाण्यात मुले-माणसे नाचत. १९६४ च्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रण झाले. रीव्हज यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की पहिल्या वेळी गायन उत्तम झाले, पण यंत्र चालूच नव्हते. म्हणून पुन्हा गावे लागले, आणि त्या दुसऱ्या गायनात काहीशी चीड उतरली. तेच गायन जगाने ऐकले.

मांडणीकडे पाहता चार गोष्टी विशेष जाणवतात. आरंभी ट्रंपेटादी वाद्यांची ललकारी आहे. दवंडी देण्यापूर्वी लक्ष वेधून घ्यावे तशी. त्यानंतर कडव्याचा बराच भाग एकाच स्वरसंघावर स्थिर राहतो. जेम्स जेमर्सन यांचे बेस गिटार त्या स्थिर भूमीवर चालत राहते. स्वरसंघ बदलतात ते मधल्या भागात, आणि त्यामुळे तेथे दार उघडल्यासारखे वाटते. तिसरी गोष्ट आघाताची. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोरकस आघात येतो. खंजिरीच्या जातीचे टॅम्बरीन हे वाद्य आणि इतर तालवाद्ये मिळून तो आघात इतका ठळक करतात की अन्य सर्व वाद्ये त्याच्या मागे पडतात. चौथी गोष्ट आवाजाची. रीव्हज यांचा आवाज चर्चमधील सामूहिक गायनात तयार झालेला; त्यात आर्जव कमी व आवाहन अधिक.

शब्दांची योजनाही येथे पाहिली पाहिजे. गीत प्रथम साऱ्या जगाला हाक घालते, आणि मग शहरांची नावे घेते : शिकागो, न्यू ऑर्लीन्स, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि न विसरण्याच्या आठवणीसह मोटारींचे शहर, म्हणजे डेट्रॉइट. ही सर्व शहरे कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्तीची होत. हाक जगाला असली तरी नकाशा एका समाजाचा आहे.

ध्वनिमुद्रिका ३१ जुलै १९६४ रोजी ‘गॉर्डी’ या मुद्रेखाली प्रसिद्ध झाली आणि ऑक्टोबरमध्ये ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली.

५. अर्थाचा वाद

तबकडी बाजारात आली ते दिवस साधे नव्हते. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला होता. जुलैच्या मध्यास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, महिनाअखेरीस रॉचेस्टर येथे आणि ऑगस्टअखेर फिलाडेल्फिया येथे दंगली उसळल्या. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील दंगलीत ३४ माणसे मृत्यू पावली. रस्त्यावर उतरणे या क्रियेला त्या काळी निरुपद्रवी अर्थ उरला नव्हता.

ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘लिबरेटर’ या नियतकालिकात रोलंड स्नेलिंग्ज, जे पुढे आस्किया टूरे या नावाने ओळखले जाऊ लागले, यांनी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी हार्लेम, फिलाडेल्फिया, रॉचेस्टर आदी ठिकाणच्या उठावांचे प्रतीक म्हणून याच गीताचा निर्देश केला. पुढील वर्षी कवी व नाटककार लेरॉय जोन्स, म्हणजेच नंतरचे अमिरी बराका, यांनीही, अशा गीतांतून रूपकाच्या वाटेने का होईना समाजाची खरी भावना बोलत होती, असे प्रतिपादन केले.

मार्था रीव्हज यांनी हा अर्थ कधीच मान्य केला नाही. गीत आनंदाचे आहे, नाचण्याचे आहे, असे त्या सातत्याने सांगत आल्या. तथापि घटनांचा योग असा की २३ जुलै १९६७ रोजी डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली तेव्हा रीव्हज शहरातील फॉक्स थिएटरच्या रंगमंचावर गात होत्या, आणि प्रेक्षकांना ती वार्ता देऊन शांतपणे घरी जाण्यास सांगण्याचे काम त्यांनाच करावे लागले. त्या दंगलीत ४३ जणांचा अंत झाला.

या वादात एक बाजू रचनाकारांच्या व गायिकेच्या हेतूला प्रमाण मानते. दुसरी ऐकणाऱ्यांच्या अनुभवाला. साहित्यविचारातही हा वाद परिचयाचा आहे. येथे आणखी एक वस्तुस्थिती नोंदवावीशी वाटते. ज्या ‘गॉर्डी’ मुद्रेखाली हे नृत्यगीत निघाले, त्याच मुद्रेखाली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २३ जून १९६३ च्या डेट्रॉइटमधील भाषणाची ध्वनिमुद्रिका निघाली होती. त्या दिवशी शहराच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून लाखाहून अधिक लोक चालत गेले होते. म्हणजे रस्त्यावर उतरलेल्या जनसमुदायाचे जे चित्र डेट्रॉइटच्या श्रोत्यांपुढे होते ते केवळ नळाखाली नाचणाऱ्या मुलांचे नव्हते, आणि केवळ दंगलीचेही नव्हते. या दोहोंमध्ये शिस्तीने चालणाऱ्या मोर्च्याचे तिसरे चित्र होते. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांकडून ते सहसा निसटते.

६. पुनर्गायने

आता पुनर्गायनांकडे वळू. त्यांतील सर्वांचा परामर्श घेण्याचे प्रयोजन नाही. ज्यांतून वरील प्रश्नावर प्रकाश पडतो तीच येथे घेतली आहेत.

(अ) इंग्लंड, १९६५. मोटाउनच्या गायकांनी १९६५ साली ब्रिटनचा दौरा केला. त्याच वर्षी ‘किंक्स’ या वृंदाने व गायिका सिला ब्लॅक यांनी आपापल्या संग्रहांत हे गीत घेतले. ही पुनर्गायने शिकाऊ वृत्तीची आहेत. समुद्रापलीकडून आलेली नवी शैली आत्मसात करण्याची ती धडपड होय. आघात आहे, पण त्यामागचे वजन नाही.

(आ) ‘मामाज अँड पापाज’, १९६६. कॅलिफोर्नियाच्या या चौघांच्या वृंदाचे वैशिष्ट्य म्हणजे परस्परांत विणलेले आवाज. हाक देणारा एक आवाज जाऊन तेथे चौघांचा संवाद आला. १८ जून १९६७ रोजी माँटेरे येथील संगीतमहोत्सवाची सांगता या वृंदाने याच गीताने केली. बरोबर पाच आठवड्यांनी डेट्रॉइट जळू लागले. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशात, एकाच शब्दांना दोन भिन्न जागी दोन भिन्न अर्थ होते.

(इ) ‘ग्रेटफुल डेड’, १९६६ ते १९७७. हा वृंद आरंभापासून हे गीत जलशांत वाजवीत असे. १९७६ पासून त्यांनी त्यास तत्कालीन ‘डिस्को’ धर्तीची लय दिली व १९७७ च्या ‘टेरॅपिन स्टेशन’ या संग्रहात ते मुद्रित केले. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये त्यांनी ते पंधरा मिनिटांहून अधिक काळ वाजविले. मूळ ध्वनिमुद्रण तीन मिनिटांहूनही लहान. येथे शब्द हे निमित्तमात्र ठरतात. त्या स्थिर स्वरसंघावर वादकांनी केलेला विस्तार हाच मुख्य भाग होतो. बंदिश लहान व आलापी दीर्घ असा प्रकार आपल्या श्रोत्यास परिचित आहेच. मूळ रचनेतील एकाच स्वरसंघाची स्थिरता या विस्तारास किती अनुकूल होती हेही यावरून कळते. विशेष म्हणजे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदीत रीव्हज यांचे मूळ गायन (घोषणा २००६) आणि बार्टन हॉलचा हा संपूर्ण जलसा (घोषणा २०१२) असे दोन्ही समाविष्ट आहेत. ज्या संस्थेचे काम जतनाचे, तिनेही एकाच गीताची दोन रूपे जपण्यायोग्य मानली.

(ई) ‘व्हॅन हेलन’, १९८२. ‘डायव्हर डाउन’ या त्यांच्या संग्रहातील बारांपैकी पाच रचना इतरांच्या आहेत; त्यांत हे गीत आहे. एडी व्हॅन हेलन यांनी सिंथेसायझरवर एक आवर्ती स्वराकृती स्वतःच्या नव्या गीतासाठी रचली होती. निर्माते टेड टेम्पलमन यांच्या आग्रहाने ती येथे वापरली गेली. ध्वनिमुद्रिका यादीत ३८ व्या क्रमांकापर्यंत गेली. पण एडी यांनी पुढे याविषयी असमाधान व्यक्त केले. दुसऱ्याच्या यशस्वी गीतापेक्षा स्वतःचे अयशस्वी गीत बरे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुनर्गायनाच्या व्यापारी सोयीची ही दुसरी बाजू. ते ऐकणाऱ्यास परिचित, म्हणून विकण्यास सुरक्षित. पण ज्याला स्वतः काही रचावयाचे आहे त्याचे साहित्य त्यात खर्ची पडते.

(उ) डेव्हिड बोवी व मिक जॅगर, १९८५. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच वेळी ‘लाइव्ह एड’ हा जलसा झाला. जॅगर फिलाडेल्फियात व बोवी लंडनमध्ये उभे राहून उपग्रहाद्वारे युगलगीत गातील अशी मूळ कल्पना होती. ध्वनी एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे ती सोडून द्यावी लागली. मग गीत आधीच लंडनमध्ये मुद्रित व चित्रित करण्यात आले. ऑगस्टमध्ये निघालेली ही तबकडी ब्रिटनमध्ये चार आठवडे अग्रस्थानी होती व अमेरिकेत सातव्या क्रमांकावर पोचली. मिळकत दुष्काळनिवारणास गेली.

या आवृत्तीत एक महत्त्वाचा पाठभेद आहे. गीत सुरू होण्यापूर्वी दोघे गायक जगातील शहरे, देश व खंड यांच्या नावांचा पुकारा करतात. मुळात साऱ्या जगाला घातलेली हाक ही एक काव्यगत अतिशयोक्ती होती व खरा नकाशा डेट्रॉइटच्या माणसाचा होता. उपग्रहामुळे ती अतिशयोक्ती शब्दशः खरी झाली. परंतु चित्रफीत पाहणाऱ्यास दिसते ते असे की लंडनच्या गोदी भागातील ओस पडलेल्या इमारतींच्या परिसरात रात्रीच्या वेळी दोन प्रसिद्ध पुरुष नाचत आहेत. रस्त्यावर तिसरे कोणी नाही.

७. तुलना व अनुमान

वरील इतिहासाकडे निसर्गतः घडून आलेला प्रयोग म्हणून पाहता येईल. शब्द व चाल, म्हणजे पहिला थर, सर्वत्र जवळजवळ कायम आहे. बदलली ती मांडणी, गाणारी व्यक्ती आणि प्रसंग. तरीही अर्थ बदलला. यावरून अर्थ केवळ शब्दांत नाही, एवढे तरी निश्चित होते.

यावर असा आक्षेप येईल की काळही बदलला आहे. तेव्हा अर्थातील फरकाचे श्रेय काळास का देऊ नये? या आक्षेपास उत्तर देणारी दोन उदाहरणे आपल्या सामग्रीतच आहेत. पहिले १९६५ ते १९६७ या वर्षांचे. काळ तोच, शब्द तेच. पण टूरे यांनी उठावाचे गीत म्हणून नाव घेतले ते मार्था व व्हॅन्डेलाज यांचे, किंक्सचे नव्हे. आणि माँटेरेच्या महोत्सवात तेच शब्द निरोपाच्या उत्सवाचे झाले. दुसरे उदाहरण जॅगर यांचे. १९६८ च्या मार्चमध्ये लंडनच्या ग्रॉव्हनर चौकातील युद्धविरोधी निदर्शनास ते हजर होते. त्याच वर्षी त्यांच्या ‘रोलिंग स्टोन्स’ वृंदाचे ‘स्ट्रीट फाइटिंग मॅन’ हे गीत निघाले. त्यात ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’मधील ओळ उघडपणे घेऊन नाचण्याच्या जागी लढण्याचा शब्द घातला आहे. शिकागोतील काही नभोवाणी केंद्रांनी त्या उन्हाळ्यात ते गीत लावण्यास नकार दिला. म्हणजे १९६८ पर्यंत दंगलीचा अर्थ इतका रुळला होता की एक शब्द बदलताच श्रोत्यास संदर्भ लागावा. याच जॅगर यांनी १९८५ साली लढण्याच्या जागी पुन्हा नाचणे आणले. गायक तोच, अर्थ मात्र प्रसंगाने ठरविला.

तेव्हा रीव्हज यांचे म्हणणे व टूरे यांचे म्हणणे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. रीव्हज बोलतात ते रचनेविषयी व स्वतःच्या हेतूविषयी. टूरे बोलतात ते विशिष्ट आवाजात, विशिष्ट शहरांत, विशिष्ट उन्हाळ्यात ऐकू आलेल्या ध्वनिमुद्रणाविषयी. दोघांचे विषय निरनिराळ्या थरांवरील आहेत. दुसऱ्या थरावरील जो जोरकस आघात नाचणाऱ्याचे पाय हलवितो, तोच चालणाऱ्या जमावास पाऊल जुळविण्यास उपयोगी पडतो. आघात निरपेक्ष असतो. त्यावर कोण पाऊल टाकतो यावर पुढचे अवलंबून.

येथेच कायद्याच्या चौकटीतील विसंगती उघडी पडते. कायद्याने मूल्य मानले पहिल्या थराचे. आणि आपल्या विवेचनातून दिसून आले की या गीतास इतिहासात जे स्थान मिळाले ते मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या थरामुळे. बेकर यांनी १९५५ साली जी तक्रार केली तिचे तात्त्विक समर्थन असे नऊ वर्षांनंतरच्या गीताने पुरविले. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मांडणीवर मालकी मानली असती तर बार्टन हॉलचे ते दीर्घ वादन किंवा दुष्काळासाठी गाइलेले ते युगलगीत परवानगीवाचून निघाले नसते. पुनर्गायनाची मोकळीक आणि मूळ गायकाचा मोबदला या दोहोंत मेळ घालणे हा खरा प्रश्न आहे. मोकळीकच काढून घेणे हा त्यावरील उपाय नव्हे.

८. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने

भारतातही हा प्रश्न परका नाही. १९५७ च्या आपल्या स्वामित्व कायद्यात पुनर्गायनाची तरतूद आरंभापासून होती. तिच्याच आधारावर १९८० नंतरच्या दशकात जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या, नव्या गायकांनी गाइलेल्या स्वस्त ध्वनिफितींचा मोठा व्यापार उभा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद अधिक कडक केली : प्रथम ध्वनिमुद्रणाच्या वर्षअखेरीपासून पाच वर्षे लोटल्याखेरीज पुनर्गायन करता येत नाही, किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते, आणि हे पुनर्गायन आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागते. अमेरिकेच्या कायद्याशी याची तुलना करून पाहणे हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अशा गीतांचा अभ्यास हाती घेताना तीन पथ्ये पाळावीत असे सुचवावेसे वाटते. पहिले, केवळ छापील शब्दांवरून गीताचा अर्थ लावू नये. ध्वनिमुद्रण ऐकून आघात, आवाज व वाद्यमेळ यांची नोंद प्रथम करावी. दुसरे, पुनर्गायनास मुळाच्या तराजूत तोलून उणे ठरविण्याची घाई करू नये. ते कोणत्या थरावर काय बदलते हे आधी पाहावे. तिसरे, प्रत्येक आवृत्तीत नावे कोणाची घेतली आहेत आणि पैसा कोणाकडे गेला, या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. पहिलीवरून गीताने कोणाला हाक घातली ते कळते; दुसरीवरून त्या हाकेचा लाभ कोणास झाला ते.

मार्था रीव्हज २००५ साली डेट्रॉइटच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या व चार वर्षे सदस्य होत्या. ज्या शहराचे नाव त्यांच्या गीताने आवर्जून घेतले, त्या शहराच्या रस्त्यांचा कारभार काही काळ त्यांच्या हाती होता. मोटाउन संस्था मात्र १९७२ सालीच लॉस एंजेलिसला निघून गेली होती. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील ते घर आता संग्रहालय आहे, आणि ज्या खोलीत त्या गीताचे ते दुसरे गायन मुद्रित झाले ती खोली तेथे जतन करून ठेवलेली आहे.